ढोपरापर्यंतचा समुद्र

विमानतळावर जायला निघालो तेव्हा आईने माझ्या हातावर दही घातलं, देवाचा अंगारा कपाळाला लावला आणि लिफ्टचं दार बंद होता होता बाहेरून म्हणाली, "ढोपराच्या वयर नाय हां." लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ होते. त्यांनी सहानुभूतीने माझ्या पायांकडे पाहिलं. माझे गुडघे धरलेत असं त्यांना वाटलं असावं. बायको खाली पोचेपर्यंत हसत होती.

ढोपर म्हणजे गुडघा. आई लग्न होऊन लालबागला आली त्याला जन्म लोटला, चाळ पडून तिथे टॉवर उभा राहिला, पण घरात ती बोलते ते मालवणीच. आणि ते वाक्य म्हणजे नवी सूचना नव्हती, जुन्या गोष्टीची आठवण होती. माझ्यावर तिची शपथ आहे की मी समुद्रात गुडघ्याच्या वर जाणार नाही.

ही शपथ मी दुसरीत असताना पडली. तेव्हा वडिलांची गिरणी चालू होती आणि अनंत चतुर्दशीला आमच्या चाळीतली सगळी माणसं मंडळाच्या मूर्तीबरोबर गिरगाव चौपाटीपर्यंत चालत जायची. वडिलांच्या शर्टाचं टोक धरून मी पाण्यात उतरलो. एक लाट आली आणि टोक हातातून सुटलं. पुढचं मला फारसं आठवत नाही. तोंडात खारट माती आठवते, आणि कुणीतरी बखोट धरून मला वर काढलं ते. मी पाण्याखाली किती वेळ होतो हे घरात प्रत्येकाने वेगळं सांगितलं. वडील सांगायचे, एक डुबकी खाल्ली, बस. आई सांगते, मूर्ती गेली, माणसं फिरली, तरी माझं पोर दिसेना. ओल्या वाळूत तिने मला समोर बसवलं, माझा तळवा उचलून आपल्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, ढोपराच्या वयर पाणी इला तर माजी शपथ. तिच्या केसांत गुलाल होता. तो माझ्या ओल्या हाताला लागला आणि घरी येईपर्यंत तो हात मी अंगापासून लांब धरून चाललो.

आमच्याकडे शपथ एक तर मोडते किंवा सुटते. मोडली तर जिची शपथ तिचं बरंवाईट होतं. सोडवायची तर ज्याने घातली त्यानेच "सुटली" म्हणावं लागतं. आई ते कधी म्हणाली नाही आणि मीही कधी मागितलं नाही.

मी परळच्या एका रुग्णालयात एक्सरे काढतो. मशीनसमोर माणसाला उभं करायचं, श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा म्हणायचं, यात माझी इतकी वर्षं गेली. शपथेबिपथेने कुणाचं काही होत नाही हे मला कळतं. तरी कॉलेजची सहल अलिबागला गेली तेव्हा मित्र पाण्यात दंगा करत होते आणि मी पोटऱ्यांपर्यंत उभा होतो. लग्नानंतर बायकोला घेऊन किनाऱ्यावर गेलो, तिथेही तेच. ती आजही ओळखीच्यांना सांगते, यांचा समुद्र ढोपरापर्यंतच असतो. घरचा गणपती पाच दिवसांचा. मोठा मुलगा म्हणून वाळूतली शेवटची आरती मी करायचो, मग मूर्ती धाकट्या भावाच्या हातात द्यायचो. तो पाण्यात शिरायचा आणि मी सगळ्यांच्या चपला सांभाळत उभा राहायचो. आई माझ्याही मागे, पार रस्त्याच्या कठड्याला टेकून. गर्दी तिला सोसत नाही, असं आम्ही धरून चाललो होतो.

मुलगी कॅरिबियन समुद्रातल्या एका छोट्या बेटावर वैद्यकीय कॉलेजात शिकवते. बेटाचं नाव आमच्या मजल्यावर कुणालाच नीट घेता आलं नाही. आईने तो प्रश्न एका दिवसात सोडवला. क्रिकेटमुळे तिला वेस्ट इंडीज माहीत होतं, त्यामुळे नात वेस्ट इंडीजला असते, असं तिने लिफ्टमनपासून मासेवालीपर्यंत सगळ्यांना सांगून टाकलं. मुलीने आम्हा दोघांना थंडीत बोलावलं. तिकिटं तिनेच काढली. मी म्हटलं, आईला सोडून इतके दिवस कसं यायचं? ती म्हणाली, काका-काकू त्याच घरात आहेत बाबा, आणि आजीला तुझ्यापेक्षा काकूच्या हातचं आवडतं. हे खरं होतं. तरी मला सुट्टी नीट घेता येत नाही. विमानात ट्रे पुढे आला की आता आई जेवली असेल का, हाच विचार. आईला काय होणार होतं? पण माझा स्वभावच तसा आहे. आनंदाची गोष्ट हातात आली की ती कुणाच्या तरी वाट्याची आपण घेतली असं मला वाटत राहतं.

तो किनारा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तो समुद्र वाटलाच नाही. लाट नव्हती. पाणी येऊन वाळूला लागायचं आणि परत जायचं, ताटात पाणी हलवल्यासारखं. आवाज जवळजवळ नाही. काठाला रुंद पानांची बुटकी झाडं, त्यांच्या सावलीत एक-दोन होड्या उपड्या घातलेल्या. पाण्याचा रंग काठाला नुसता काचेसारखा, मग हिरवा, आणि खूप लांब जिथे खडक सुरू होतात तिथे गडद. मी चपला काढल्या आणि पायाची बोटं पाण्यात दिसतात का ते पाहिलं. नखंसुद्धा दिसत होती. गिरगावला कधी माझे घोटेही मला दिसले नव्हते.

सकाळी तिथे गावातल्या म्हाताऱ्या बायका यायच्या. आईच्याच वयाच्या, काही तिच्याहून थोराड. डोक्यावर टोप्या घालून त्या सरळ पाण्यात चालत जायच्या आणि गळ्यापर्यंत पाण्यात गोल करून उभ्या राहायच्या. पोहायच्या नाहीत. नुसत्या बोलायच्या. पाण्यावर पाच-सहा टोप्या आणि मधूनच हसण्याचा आवाज. आमच्या जुन्या चाळीच्या गॅलरीत दुपारी बायका तांदूळ निवडायला बसायच्या, अगदी तसं. फक्त इथे पुढ्यात सूप नव्हतं.

बायको दोन वर्षांपूर्वी दादरच्या तरणतलावात बायकांच्या बॅचला पोहायला शिकली होती. मुलीने तिला चष्मा आणि तोंडात धरायची नळी लावून दिली आणि दोघी मायलेकी तोंड पाण्यात घालून खडकांकडे निघून गेल्या. मी गुडघ्यापर्यंतच्या पाण्यात टॉवेल घेऊन उभा. बऱ्याच वेळाने परत आल्या तेव्हा बायकोचा चेहरा मी क्वचितच पाहिला होता तसा झाला होता. ती सांगू बघत होती, पण शब्द मिळेनात. नुसती म्हणाली, "अहो, खाली सगळं चालू आहे."

मुलगी माझ्या हातातल्या टॉवेलांकडे बघत म्हणाली, "बाबा, इतक्या लांब तू चपला सांभाळायला आलास?"

मी हसलो. तिला शपथ माहीत होती, लहानपणापासून. ती हसली नाही. मग कळलं की हे सगळं तिने माझ्यासाठीच ठरवलं होतं. तिच्या आईला पोहता येतं, ती कधीही आली असती. तू आयुष्यभर माणसांच्या आतलं बघतोस बाबा, मला तुला समुद्राच्या आतलं दाखवायचं होतं, असं ती म्हणाली आणि वाळू झाडत राहिली. मला वाईट वाटलं. एका बाजूला आईचा शब्द आणि दुसऱ्या बाजूला मुलीची हौस. कुणाला तरी दुखवल्याशिवाय मला तिथे उभंसुद्धा राहता येईना.

तोड तिनेच काढली. किनाऱ्याच्या एका टोकाला खडकांची एक रांग थेट काठापर्यंत आलेली होती. तिथे पाणी गुडघ्याएवढंच, पण मासे खडकांच्या मागे मागे तिथवर यायचे. मुलगी म्हणाली, आजीने पाणी किती ते सांगितलंय, उभं राहायचं की आडवं व्हायचं ते नाही सांगितलं. तू ढोपरभर पाण्यातच आडवा हो. मी तिला म्हटलं, ही वकिली झाली. ती म्हणाली, मग उभा राहा टॉवेल घेऊन.

मी आडवा झालो.

आधी मी सवयीने श्वास धरला. इतकी वर्षं इतरांना धरायला सांगितलेला श्वास. मुलीने पाठीवर थाप मारली आणि कानाशी येऊन सांगितलं, "बाबा, धरून ठेवू नकोस. नुसता घेत राहा, सोडत राहा." नळीतून माझाच श्वास मला मोठा ऐकू यायला लागला. मग हळूहळू तो शांत झाला आणि मी डोळे उघडले.

खाली मुलुख होता. वाळूवर उन्हाची जाळी हलत होती. पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेले छोटे मासे माझ्या हाताजवळ येऊन थांबले, बोटांकडे बघून निघून गेले. एक हिरवा-निळा मासा, पोपटासारखी चोच असलेला, खडक कुरतडत होता आणि त्याचा करकर आवाज पाण्यातून येत होता. एका फटीत काळ्या काट्यांचा गोळा. आणि या सगळ्यावर वाळूत एका माणसाची सावली पसरलेली होती, हात फाकलेले, पोट जरा सुटलेलं. ती सावली माझी आहे हे कळायला मला क्षणभर लागलं. एक्सरेच्या काचेवर मी हजारो माणसं पाहिली आहेत, पण स्वतःला असं कधी पाहिलं नव्हतं. कुठेच काही दुखत नाही असा एक माणूस.

चोचवाला मासा पुढे सरकला तसा मीही. तळ हातभर अंतरावर वाटत होता, वाळूचा कण न् कण दिसत होता. मुलगी मागे राहिली, मला त्याचं भान नव्हतं. किती वेळ गेला, सांगता येत नाही. मग नळीत थोडं पाणी शिरलं, ठसका आला, आणि मी पाय टेकून उभा राहिलो.

पाणी छातीपर्यंत होतं.

मी खाली पाहिलं. माझे पाय स्वच्छ दिसत होते, अगदी जवळ. म्हणून तर फसलो. घाण पाण्यात माणूस पायाने चाचपत जातो. इतक्या नितळ पाण्यात खोली कळतच नाही. तळ दिसतोय म्हणजे जवळ आहे, असं डोळा धरून चालतो. फोटोवरून हाडाचं अंतर मोजू नये हे नव्या मुलांना मीच शिकवतो.

मुलगी आणि बायको पाठमोऱ्या होत्या. टोपीवाल्या बायकांतल्या एकीने माझ्याकडे बघून हात हलवला. तिच्या लेखी छातीभर पाण्यात एक माणूस उभा होता, त्यात काय एवढं. मी काठाकडे चालत आलो. पाणी कमरेला आलं, मांडीला आलं, गुडघ्याला आलं, आणि तिथे मी थांबलो, जणू तिथून कधी हललोच नव्हतो. मुलीने विचारलं, दिसले? मी म्हटलं, दिसले. तिचा आनंद बघून पुढचं बोलवेना.

रोज आमच्या सकाळी मुंबईत दिवेलागण झालेली असायची आणि आईचा व्हिडिओ फोन यायचा. भाऊ फोन तिच्यासमोर डब्याला टेकवून ठेवायचा, त्यामुळे आई आम्हाला नेहमी हनुवटीपासून दिसायची. दुसऱ्या दिवशी मी तिला आधी त्या टोपीवाल्या बायकांबद्दल सांगितलं, म्हणजे मधला वेळ जाईल. त्यात तिला भलताच रस वाटला. गळ्यापर्यंत? रोज? आणि बोलतत काय? मी म्हटलं, सुनांबद्दल असेल. आई म्हणाली, मगे बरोबर, ता पाण्यातच बोलाक व्हया, म्हणजे घराक ऐकाक येणा नाय. पलीकडून माझ्या भावजयीचं हसणं ऐकू आलं. मग आई थांबली आणि विचारायचं ते विचारलं.

"आणि तू?"

"ढोपरापर्यंत," मी म्हटलं.

तेवढंच. एक शब्द. फोन ठेवला आणि मला कळलं की पाण्यात गेलो ती चूक होती, पण हे पाप आहे. त्या दिवशी मी किनाऱ्यावर गेलोच नाही. पोट बरं नाही म्हणून मुलीच्या घरी गॅलरीत बसून राहिलो. म्हणजे आणखी एक खोटं.

आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी फोनवर आई नव्हती. भावाचा चेहरा होता. "दादा, काळजी करू नको, आई जरा पडून आहे. पोट बिघडलंय. उलटी झाली, आता झोपलीय."

मी त्याला ताप किती, लघवी होते का, जीभ कोरडी आहे का, डॉक्टरला दाखवलं का, सगळं विचारलं. त्याने नीट उत्तरं दिली. काळजीचं काही नव्हतं. ते मला माझ्या नोकरीने सांगितलं. पण आतून मी दुसरीतला मुलगा होतो आणि माझ्या तळव्याला गुलाल लागलेला होता. फोन बंद झाला तशी मी बायकोला म्हटलं, परत जायचं तिकीट मिळतं का बघूया.

ती माझ्यासमोर येऊन बसली. मग मी सगळं सांगितलं. छातीपर्यंत गेलो ते, आईला काय म्हटलं ते, काल पोट वगैरे काही बिघडलं नव्हतं तेही.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही छातीपर्यंत गेलात म्हणून त्यांचं पोट बिघडलं? मग गळ्यापर्यंत गेला असतात तर घसा धरला असता?" मला हसू आलं नाही, तसा तिचा आवाज बदलला. जाऊबाईंशी ती आधीच बोलली होती. शेजारणीने सुकटीची चटणी दिली होती, सासूबाईंनी कुणाला न सांगता ती ताटभर भाताबरोबर संपवली होती. हे सांगून तिने फोन माझ्या हातात ठेवला. "त्या उठून बसल्या की सांगून टाका. तुम्हाला हे पोटात घेऊन मुंबईपर्यंत जाता येणार नाही. मला माहीत आहे ना."

पुढच्या सकाळी आई उशीला टेकून बसली होती. चेहरा उतरलेला, पण केस विंचरलेले. भाताची पेज घेतली म्हणाली. मी तिला आणखी बोलू दिलं नाही. आई, मी खोटं बोललो, म्हटलं, आणि सगळं सांगितलं. मासा, सावली, ठसका, छाती. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिला हे पहिल्यांदाच कळत होतं.

आईने चेहरा फोनच्या जवळ आणला. मग तिने विचारलं, "पाय टेकले मा?"

"टेकले."

"तळ दिसत होतो?"

"दिसत होता आई. वाळूचा कण दिसत होता. म्हणूनच मला कळलं नाही."

मग ती जे बोलली ते माझ्याशी नव्हतं, स्वतःशीच होतं. त्या दिवशी चौपाटीचं पाणी कसं होतं ते तिने सांगितलं. मातीचं, फुलांचं, माणसांनी घुसळलेलं. त्यात पोर खंय असात ता बघूचा कसा? लाटेची भीती नव्हती वाटली, म्हणाली. खाली काय आहे ते दिसत नव्हतं, त्याची वाटली. डोळे फाडून ती बघत होती आणि पाणी काही दाखवत नव्हतं. मी तिची ही गोष्ट शेकडो वेळा ऐकली होती, पण हे तिने कधी सांगितलं नव्हतं.

"आई, माझ्यामुळे तुला..." मी म्हणायला लागलो.

"गप ऱ्हव. चटणीन पोट बिघडला माजा. तुज्या समुद्रान नाय."

मी डोळे पुसले आणि आयुष्यात पहिल्यांदा मागितलं. म्हटलं, मग सोडव ना. सुटली म्हण.

आईने मान हलवली. "फोनार शपथ सुटणा नाय. डोक्यार हात ठेवन घातलली. इल्यार बघूया. तोपर्यंत ढोपार."

उरलेले दिवस मी ढोपराचे पाळले. मुलगी माझ्या बाजूने चालायची, मी तोंड पाण्यात घालून तरंगायचो आणि पाणी तिच्या गुडघ्याला लागलं की ती माझी पोटरी ओढायची. मी वळायचो. आधी मला वाटलं, तिला कंटाळा येईल. पण एकदा मी तोंड वर काढलं तर ती स्वतःशीच गुणगुणत उभी होती, चेहऱ्यावर ऊन. ही लहान असताना मी हिला दादरच्या चौपाटीवर असंच धरून उभा असायचो, घोट्यापर्यंत. खडकांपलीकडचं गडद पाणी मी पाहिलं नाही. बायकोने पाहिलं, मोठं कासव पाहिलं, आणि रात्री जेवताना त्याने मान कशी वळवली ते करून दाखवलं. मला त्याचं काही वाटलं नाही. माझ्याकडून काहीही लपलेलं नव्हतं आणि मीही काही लपवलेलं नव्हतं, एवढ्यावर मला शांत झोप लागत होती.

परत आल्यावर पहिला रविवार आला तेव्हा दुपारचा चहा झाल्यावर आई साडी बदलून काठी घेऊन दाराशी उभी राहिली. खंय? मी विचारलं. गिरगावला, म्हणाली. मी म्हटलं, डोक्यावर हात तर इथेही ठेवता येईल. तिने काठी दाराबाहेर टेकवली. तिच्या उजव्या गुडघ्याचा एक्सरे मीच काढलेला आहे. हाडाला हाड लागलंय. ती ऑपरेशनला तयार नाही. त्या गुडघ्याने ती वाळूत कशी चालणार, या काळजीत मी टॅक्सी केली.

चौपाटीवर ऊन कलत होतं. माघातला समुद्र शांत असतो, लहान लहान लाटा येत होत्या. कुल्फीवाले, पतंग, वाळूत बसलेली कुटुंबं. कठड्यापाशी, जिथे ती इतकी वर्षं उभी राहायची, तिथे ती सवयीने थांबली. मग माझा दंड धरून वाळूत उतरली. एक पाऊल, काठी, एक पाऊल. ओल्या वाळूपासून थोड्या अंतरावर मी तिला एका कुल्फीवाल्याच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं आणि समोर वाळूत बसलो. तिने माझा हात उचलून आपल्या डोक्यावर ठेवला. केस आता इतके विरळ की तळव्याला कवटीची ऊब लागली. समुद्राकडे बघून ती तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली. देवाला गाऱ्हाणं घालत असावी. मग मोठ्याने म्हणाली, "सुटली."

एवढंच. कुल्फीवाला बघत होता. मला वाटलं होतं मी रडेन, पण हलकं वाटलं आणि थोडं रिकामंही. मी म्हटलं, चल आता, अंधार पडायच्या आत घरी.

आई उठली, पण रस्त्याकडे वळली नाही. चपला काढल्या आणि माझ्या हातात दिल्या.

"त्यो टोपीवाल्यो बायको गळ्यापर्यंत उभ्यो ऱ्हवतत मा? माका ढोपरापर्यंत तरी व्हर."

"तुला भीती नाही वाटत?"

"माजे पाय तरी खंय भिजले तेवापासून?"

तेव्हा मला कळलं. आम्ही गर्दी म्हणत होतो ती गर्दी नव्हतीच. ज्या संध्याकाळी तिने मला शपथ घातली, त्याच संध्याकाळी स्वतःलाही घातली होती. मी निदान गुडघ्यापर्यंत जात होतो. ती कठड्यापाशी थांबली होती. इतकी वर्षं मी पुढे उभा राहून स्वतःलाच काठावर अडकलेला समजत होतो आणि एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं.

मी तिला धरून नेलं. एका हातात तिचा दंड, दुसऱ्या हातात तिच्या चपला. पाणी घोट्याला लागलं तेव्हा ती जरा थबकली, श्वास धरून. मी म्हटलं, आई, धरून ठेवू नकोस, सोड. तिने सोडला. साडी वर धरून ती आणखी पुढे गेली, काठीच्या आणि माझ्या आधाराने, आणि एक लहानशी लाट येऊन तिच्या त्या दुखऱ्या गुडघ्याला लागून गेली. तिने खाली वाकून पाहिलं. पाणी मातकट होतं. आमच्या दोघांचेही पाय दिसत नव्हते.

"हयसर तळ दिसणा नाय," ती म्हणाली.

"नाही दिसत."

ती तरी थोडा वेळ उभी राहिली, पायाने वाळू चाचपत. मग म्हणाली, "पण लागता." आणखी एक लाट गेली. मग तिने माझ्या हातातल्या चपलांकडे पाहिलं आणि म्हणाली, आता चल घराक, पेज नको आज, भात टाकूक सांग.